लक्झेंबर्गच्या लोकसंख्येचे तक्ते कसे वाचावेत

लक्झेंबर्गविषयी लिहायला बसलं की दोन वाक्यं हमखास कागदावर येतात: ‘निम्मा देश परदेशी आहे’ आणि ‘निम्म्याच लोकांना स्थानिक भाषा येते’. पहिलं अर्धवट आहे, दुसरं साफ चूक. दोन्हींचं मूळ एकच. नागरिकत्व, जन्मस्थान आणि भाषा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे तक्ते वेगळे आहेत, आणि वाचणारा ते एकमेकांत मिसळतो. एखाद्या लेखासाठी, अभ्यासासाठी किंवा तिकडे नोकरीला जाण्याआधी नीट माहिती हवी असेल, तर पुढच्या क्रमाने जा.

आधी तारीख पक्की करा. या देशाची आकडेवारी ‘स्टाटेक’ ही सरकारी संस्था काढते आणि ती दोन प्रकारची असते. एक, दर वर्षीच्या १ जानेवारीची लोकसंख्या, जी रहिवाशांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या आधारे काढली जाते. दुसरी, साधारण दहा वर्षांनी होणारी जनगणना. अलीकडची जनगणना ८ नोव्हेंबर २०२१ची. तिच्यात ६,४३,९४१ रहिवासी मोजले गेले. १ जानेवारी २०२४चा आकडा ६,७२,०५० आहे आणि त्यात परदेशी नागरिक ४७.३ टक्के. भाषेचा आकडा जनगणनेतून आणि नागरिकत्वाचा वार्षिक तक्त्यातून घेतला, तर दोन्हींपुढे आपापली तारीख लिहा. दोन्ही एकाच वर्षाचे असल्यासारखे शेजारी मांडू नका.

तक्ता फ्रेंचमध्ये उघडला तर अंकांकडे नीट पाहा. फ्रेंच लिखाणात स्वल्पविराम हे दशांशचिन्ह असतं आणि हजारांच्या जागी मोकळी जागा सोडतात. म्हणजे ‘४७,३’ हे ४७.३ आहे आणि ‘६७२ ०५०’ हा एकच आकडा आहे. तो जसाच्या तसा एक्सेलमध्ये चिकटवला की एक्सेल त्याला मजकूर समजतो आणि बेरीज शून्य येते. आधी मधल्या जागा काढा, मग स्वल्पविरामाचा टिंब करा. उलट्या क्रमाने केलंत तरी चालेल, पण दोन्ही कराच.

आता मुख्य काम, म्हणजे रकाना ओळखणं. ‘नासिओनालिते’ म्हणजे नागरिकत्व, ‘पेई द नेसांस’ म्हणजे जन्मदेश, ‘एत्रांजे’ म्हणजे परदेशी नागरिक. हा शेवटचा शब्द फक्त नागरिकत्वाबद्दल बोलतो. माणूस कुठे जन्मला, किती वर्षं राहिला, कोणती भाषा बोलतो, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

हे एका घरावर लावून पाहू. घर दक्षिणेकडच्या एश-सुर-अल्झेट या जुन्या पोलादनगरीतलं, उदाहरणापुरतं कल्पिलेलं. आजोबा पोर्तुगालमध्ये जन्मले आणि १९७०च्या दशकात बांधकामावर आले. २००९पासून लक्झेंबर्गने दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली, तेव्हा त्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट ठेवून लक्झेंबर्गचंही नागरिकत्व घेतलं. त्यांचा मुलगा पोर्तुगालमध्ये जन्मलेला आणि तेव्हा सज्ञान होता. तो पोर्तुगीजच राहिला. सून केप व्हर्डेत जन्मलेली, पासपोर्ट पोर्तुगीज. दहा वर्षांची नात एशमध्येच जन्मली आणि तिचा पासपोर्टही पोर्तुगीज आहे.

नागरिकत्वाच्या तक्त्यात आजोबा लक्झेंबर्गचे आणि नात परदेशी. जन्मदेशाच्या तक्त्यात नेमकं उलट. सून एका तक्त्यात पोर्तुगालच्या आकड्यात, दुसऱ्यात केप व्हर्डेच्या. आजोबांचा दुसरा पासपोर्ट मुख्य तक्त्यात दिसतच नाही, कारण दुहेरी नागरिक लक्झेंबर्गचा म्हणूनच मोजला जातो. पुढे नात अठरा वर्षांची झाली आणि वास्तव्याच्या अटी पुऱ्या असल्या, तर २०१७च्या कायद्याने ती आपोआप लक्झेंबर्गची नागरिक होईल. त्या दिवशी ‘परदेशी’ एकाने घटतील, पण त्या घरातून ना कोणी गेलेलं असेल, ना कोणी आलेलं. म्हणून पोर्तुगीजांचा आकडा खाली आला की ‘पोर्तुगीज देश सोडून चालले’ असं लगेच लिहू नका. आधी त्या वर्षी किती जणांनी नागरिकत्व घेतलं तो तक्ता उघडा, मग देश सोडणाऱ्यांचा.

आपल्याकडच्या वाचकाला हा फरक दोन ठिकाणी थेट भिडतो. पोर्तुगीज पासपोर्ट असलेला गोवेकर तिथे राहत असेल, तर नागरिकत्वाच्या तक्त्यात तो पोर्तुगीज असतो. भारत दिसतो तो फक्त जन्मदेशाच्या तक्त्यात. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे, लक्झेंबर्गचं नागरिकत्व घेतलेला पुणेकर ‘भारतीय’ या आकड्यातून कायमचा वजा होतो. तिथल्या भारतीय समाजाचा अंदाज घ्यायचा असेल तर दोन्ही तक्ते शेजारी ठेवा.

भाषेच्या तक्त्यावर सर्वांत जास्त चुका होतात, तिथे घाई करू नका. जनगणनेत भाषेचे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला: तुम्ही कोणत्या भाषेत विचार करता आणि कोणती भाषा तुम्हाला सर्वांत चांगली येते? याला उत्तर एकच. दुसरा: घरी, शाळेत किंवा कामावर कोणत्या भाषा बोलता? इथे हव्या तितक्या भाषा सांगता येतात. पहिल्या प्रश्नाची बेरीज शंभर होते, दुसऱ्याची होत नाही. २०११मध्ये दुसऱ्या प्रश्नाला लक्झेंबर्गिश ७०.५ टक्के, फ्रेंच ५५.७, जर्मन ३०.६ अशी उत्तरं होती. या तिघांचीच बेरीज १५६.८ भरते आणि ती बरोबर आहे. असल्या आकड्यांचा गोल तक्ता काढू नका, उभे स्तंभ काढा.

पहिल्या प्रश्नात लक्झेंबर्गिशचा वाटा २०११मध्ये ५५.८ टक्के होता, २०२१मध्ये ४८.९. यावरून ‘भाषा मरतेय’ असा मथळा सुचतो. पण टक्क्यांमागची माणसं पाहा: २०११मध्ये २,६५,७३१, २०२१मध्ये २,७५,३६१. म्हणजे ९,६३० माणसं वाढली. वाटा घसरला तो एकूण लोकसंख्या त्याहून वेगाने वाढली म्हणून.

आणखी एक पडताळा करा. २,७५,३६१ला २०२१च्या पूर्ण लोकसंख्येने, म्हणजे ६,४३,९४१ने भागलं तर ४२.८ टक्के येतात, ४८.९ नाही. गणित चुकलेलं नाही. भाषेची टक्केवारी ज्यांचं उत्तर मिळालं त्यांच्यावर, म्हणजे सुमारे ५ लाख ६३ हजारांवर काढलेली आहे. टक्केवारी उतरवून घेताना छेद कुठला आहे हे त्याच ओळीत लिहायची सवय लावा; पुढच्या निम्म्या चुका तिथेच टळतात.

भाषेचा रकाना या देशात नुसता कागदोपत्री नाही. ऑक्टोबर १९४१मध्ये नाझी प्रशासनाने जनगणनेत नागरिकत्व, मातृभाषा आणि वंश असे तीन प्रश्न घातले. लक्झेंबर्गिश ही जर्मनची बोली, म्हणून ती मातृभाषेत धरायची नाही, अशी सूचनाही होती. लोकांनी ‘ड्राइमोल लेट्झेबुर्गिश’ म्हणजे तिन्ही ठिकाणी लक्झेंबर्गिश लिहायचं ठरवलं, आणि नमुना पाहणीतच तसा कौल दिसल्यावर ती जनगणना रद्द करावी लागली. १९८४च्या कायद्याने लक्झेंबर्गिश राष्ट्रभाषा झाली. कायदे मात्र फ्रेंचमध्येच होतात आणि कारभारात फ्रेंच, जर्मन, लक्झेंबर्गिश तिन्ही चालतात. कारभाराच्या भाषांवरून लोकांच्या भाषा ताडू नका. पोर्तुगीज कारभारात कुठेच नाही, पण २०२१मध्ये १५.४ टक्क्यांची मुख्य भाषा तीच होती.

पुढचा खड्डा सीमेपलीकडचा. फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून सुमारे सव्वादोन लाख माणसं कामाला येतात आणि संध्याकाळी घरी परततात. निम्म्याहून जास्त एकट्या फ्रान्समधली. त्यांना ‘फ्रोंतालिए’ म्हणतात. ती रहिवासी नाहीत, म्हणून लोकसंख्येत धरलेली नाहीत, पण नोकरदारांत त्यांचा वाटा निम्म्याला टेकलेला आहे. दिवसा दुकानांत इतकी फ्रेंच का ऐकू येते, याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे. दरडोई जीडीपीचा, म्हणजे देशातल्या एकूण उत्पादनाचा, आकडा इतका फुगतो तोही यामुळे: वर यांच्या श्रमाचं उत्पादन आहे, खाली छेदात ही माणसं नाहीत.

गावनिहाय तुलना करायची तर नगरपालिकांची यादी आधी तपासा. सप्टेंबर २०२३मध्ये विलीनीकरणं होऊन १०२च्या १०० झाल्या. ग्रोबू आणि वाल मिळून एक, बूस आणि वाल्डब्रेडिमुस मिळून दुसरी. जुन्या वर्षांसाठी दोन्ही घटकांची बेरीज करून मगच रेघ ओढा, नाहीतर गावं नाहीशी झाल्यासारखी दिसतात. राजधानीचं प्रमाण देशाला लावू नका. लक्झेंबर्ग शहरात परदेशी नागरिक ७० टक्क्यांच्या घरात आहेत.

धर्माचा रकाना शोधत बसू नका, तो जनगणनेत नाही.

आणि सुरुवातीची वाक्यं लिहायचीच असतील तर अशी लिहा: ‘१ जानेवारी २०२४ला लक्झेंबर्गच्या ६,७२,०५० रहिवाशांपैकी ४७.३ टक्क्यांकडे लक्झेंबर्गचं नागरिकत्व नव्हतं.’ ‘२०२१च्या जनगणनेत भाषेच्या प्रश्नाला उत्तर दिलेल्यांपैकी ४८.९ टक्क्यांनी लक्झेंबर्गिश ही आपली मुख्य भाषा सांगितली.’