४१५००१ आणि ४१६४१६: अवयव पाडताना या चुका टाळा

साताऱ्याचा पिनकोड ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. फरक फक्त १४१५ चा, पण गणितात दोघांचा स्वभाव अगदी उलटा. सरावाला यापेक्षा चांगली जोडी शोधून सापडायची नाही.

लवकर थांबू नका. ४१५००१ ला शंभराच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून पाहतात, भाग जात नाही, की ‘मूळ संख्या’ लिहून मोकळे! थांबायचे ते वर्गमूळापाशी, म्हणजे इथे ६४४ ला. भाग जातो तो ६१३ ने, आणि ती ११२ वी मूळ संख्या आहे. इतके भागाकार हाताने कोण करणार?

त्यापेक्षा फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती वापरा. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ६४५ घ्या. ६४५² = ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की उरतात १०२४, म्हणजे ३२². म्हणून अवयव (६४५ − ३२) × (६४५ + ३२) = ६१३ × ६७७. वजाबाकी पूर्ण वर्ग आली नसती तर ६४६, ६४७ असे पुढे सरकायचे. मात्र दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही युक्ती लवकर फळते. साताऱ्याला ती पहिल्याच फटक्यात लागू पडते, हे नशीब.

गिळलेला १३. सांगलीत तोच तीन अंकी गट दोनदा आलाय, म्हणून ४१६४१६ = ४१६ × १००१, आणि १००१ = ७ × ११ × १३. इथवर सगळे बरोबर येतात. पण ४१६ = २⁵ × १३, त्यातला दुसरा १३ हमखास राहून जातो. ताळा करा: अवयव गुणून ३२०३२ आले, तर १३ एकदाच धरलाय. बरोबर उत्तर २⁵ × ७ × ११ × १३².

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून मग गुणायचे: ६ × २ × २ × ३ = ७२. नुसते घातांक गुणले तर १० येतात, आणि १३ गिळला असेल तर ४८.

११ ची कसोटी अंकांच्या बेरजेवर लावू नका. सांगलीच्या अंकांची बेरीज २२ आणि ११ ने भागही जातो, त्यामुळे चूक झाकली जाते. साताऱ्याची बेरीज ११, तरी बाकी ४ उरते. अंकांची एकाआड एक बेरीज-वजाबाकी करा: ६ − १ + ४ − ६ + १ − ४ = ०, म्हणून भाग जातो. साताऱ्याला −७ येतात.

अंकांच्या बेरजेने भाग जातो का, हा प्रश्न वेगळा. तो हर्षद संख्येचा, आणि हे नाव गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलेले. ४१६४१६ ÷ २२ = १८९२८, म्हणून सांगली हर्षद, सातारा नाही.

विपुल की न्यून? विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून, बरोबर तेवढीच आली तर परिपूर्ण. या बेरजेत खुद्द संख्या धरू नका. सांगलीची सगळी बेरीज ११,०६,७८४. संख्या वजा केल्यावर ६,९०,३६८, तरीही ४,१६,४१६ पेक्षा जास्त, म्हणजे विपुल. खरे तर बेरजेचीही गरज नव्हती: २८ ही परिपूर्ण संख्या, तिच्यापेक्षा मोठी तिची कुठलीही पट विपुलच असते, आणि ४१६४१६ = २८ × १४८७२. साताऱ्याकडे १ + ६१३ + ६७७ = १२९१ एवढेच. न्यून.