डिफरन्शिअल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल घरीच बदलायचंय? आधी वरचा नट उघडा

इंजिन ऑइल कधी बदललं ते पिकअपवाल्याला तारखेसकट पाठ असतं, पण मागच्या हाउसिंगचं, म्हणजे मागच्या एक्सलवर डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) ज्या पेटीत असतं तिचं, कधी बदललं विचारा, "ते पण बदलतात का?" असंच उत्तर येणार. बदलतात ना. आणि मुंबईत तर जरा लवकरच बदलावं लागतं, कारण आपला पाऊस.

समजा कळंबोलीहून माल भरून सायन-पनवेल हायवेने आलात, हाउसिंग चांगलं तापलंय, आणि पुढे गांधी मार्केटला पाणी भरलंय. तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हाउसिंगची हवा आत-बाहेर जायच्या बारीक वाटेतून, नाहीतर जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्यासाठी 26 जुलै 2005 सारखा दिवस लागत नाही, तेव्हा सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता, इथे नुसतं अर्धं चाक बुडालं तरी एक्सल पाण्यात असतो. ससून डॉकला मासळी भरायला जाणाऱ्यांचं तर खारं पाणी, त्यामुळे नट पण गंजतात, त्यावर पुढे बोलूच.

आता ऑइल कुठलं. आपल्याकडे सगळ्याला एकच उत्तर, "नव्वद नंबर टाक", म्हणजे 90 नंबरचं गिअर ऑइल. डिफरन्शिअलला बहुतेक वेळा ते चालून जातं. तिथे हायपॉइड गिअर असतो, म्हणजे पिनियन हा लहान गिअर क्राउन या मोठ्या गिअरच्या मधोमध न बसता जरा खाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत तर घासत सरकतात आणि साध्या ऑइलचा थर तिथे टिकत नाही. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचे ॲडिटिव्ह असतात, डब्यावर जीएल-5 लिहिलेलं असतं ते हेच, आणि तो सडक्या अंड्यासारखा वासही त्याचाच. कपड्याला लागला तर दोन धुण्यांत जात नाही, जुना टीशर्ट घालूनच बसा. जीएल-4 मध्ये हे ॲडिटिव्ह कमी असतात, ते बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना लागतं, हाउसिंगला नाही. उरलेलं जीएल-5 गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह आवरा, आतल्या पितळी रिंगांना ते त्रास देऊ शकतं.

नंबरचं म्हणाल तर 80डब्ल्यू-90 मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. मुंबईत कसली थंडी, त्यामुळे 75 की 80 यावर रात्र जागवू नका, मागचा आकडा बघा. रोज फुल लोड घेऊन घाट चढणाऱ्या काही गाड्यांना कंपनी 85डब्ल्यू-140 सांगते, पण कंपनीने सांगितलं तरच. आणि 90 म्हणजे इंजिनच्या 40 च्या दुप्पट जाड असं काही नसतं हां, गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी, गरम झाल्यावर 90 नंबर हे इंजिनच्या 40-50 च्या आसपासच येतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल, म्हणजे एक चाक एकटंच घसरत फिरू नये म्हणून आवरणारं, असेल तर त्याचं ॲडिटिव्ह लागतं का तेवढं मॅन्युअलमध्ये बघा, नाही टाकलं तर वळताना मागून कटकट आवाज येतो.

ट्रान्सफर केस, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी पेटी, तिला मात्र डोळे मिटून नव्वद नंबर ओतू नका. चेनवाल्या बऱ्याच केसना एटीएफ लागतं, तेच लाल पातळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. काहींना गिअर ऑइल, काहींना कंपनीचं खास. माझ्या गाडीत एका गॅरेजवाल्याने एटीएफच्या जागी नव्वद टाकलं होतं आणि फोर-लो (चारही चाकांचा हळू पण जोराचा गिअर) पडता पडेना, मी महिनाभर लिव्हरच्या नावाने बोटं मोडत बसलो. त्यामुळे मॅन्युअल उघडा, ग्रेड आणि लिटर दोन्ही कागदावर लिहा आणि मगच कुर्ल्याला नाहीतर ऑपेरा हाउसला सामान आणायला जा. ऑइलबरोबर ड्रेन (खालचा, ऑइल काढायचा) आणि फिलर (वरचा, भरायचा) नटचे नवे वॉशर घ्या, हातपंप घ्या, हातपंप नसेल तर दोन मीटर पारदर्शक नळी आणि फनेल.

कामाला लागायच्या आधी आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणा, कोमट ऑइल लवकर उतरतं आणि तळाचा गाळ पण घेऊन येतं. गाडी सपाट जागेवर लावा, सोसायटीच्या रॅम्पवर नको, लेव्हल चुकते. चाकाला पुढून-मागून विटा लावा. पिकअपच्या खाली बहुधा तसंच शिरता येतं, जॅक लावलाच तर स्टँड शिवाय खाली जायचं नाही म्हणजे नाही. आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गाडी गिअरमध्ये असूनही घरंगळू शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आधी वरचा फिलर नट सोडा. खालचा नाही, वरचा! मी पहिल्यांदा शहाणपणा करून खालचा काढला, ऑइल घमेल्यात उतरलं, आणि वरचा नट गंजून बसलेला, हलेचना. गाडी दोन दिवस कंपाउंडमध्ये रिकाम्या हाउसिंगने उभी, वॉचमन रोज विचारायचा, "साहेब, झालं का?" नट आदल्या रात्रीच गंज सोडवायच्या स्प्रेने भिजवून ठेवा, आणि पाना नीट बसेल असाच घ्या, कडा गोल झाल्या की मग वेल्डिंगवाल्याच्या दारात.

वरचा सुटला की खाली घमेलं लावा, पुठ्ठा पसरा आणि खालचा काढा. काही हाउसिंगना ड्रेन नटच नसतो, तिथे पंपाने वरूनच ओढायचं नाहीतर मागचं कव्हर खोलायचं. जुनं ऑइल लगेच बाजूला सारू नका, नीट बघा. काळपट असेल तर नुसतं म्हातारं झालंय. कटिंग चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय. नटच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असते, ती चालते, पण नखाएवढा तुकडा किंवा दाताचा कपचा दिसला तर नवं ऑइल भरून काही होणार नाही, हाउसिंग उघडून घ्या.

पाणी निघालं असेल तर चांगलं ऑइल लगेच भरू नका. त्याच ग्रेडचं स्वस्तातलं भरा, वीस-तीस किलोमीटर चालवा, परत काढा, मग चांगलं. त्याच वेळी ब्रीदर काढून फुंकर मारून बघा, तो चिखलाने बुजलेला असेल तर पुढच्या पाण्यात परत हेच होणार आणि प्रेशर सीलवर येणार ते वेगळंच. जमलं तर ब्रीदरला नळी जोडून टोक वर नेऊन बांधा.

खालचा नट नव्या वॉशरसकट लावा आणि वरच्या भोकातून भरा, ऑइल भोकाच्या काठाशी येऊन बारीक गळायला लागलं की थांबा. करंगळी आत घालून काठाशी ऑइल लागतंय का बघायचं, ही बहुतेक हाउसिंगची डिपस्टिक. पाच-दहा मिनिटं थांबून परत बघा, हवा निघाली की लेव्हल जराशी खाली बसते. "थोडं जास्त बरं" हे इथे चालत नाही, जास्तीचं फेसाळतं, सीलमधून निघतं आणि मागच्या ब्रेक लायनरवर गेलं तर ब्रेकच लागत नाही.

पुढच्या डिफरन्शिअलचं सगळं हेच, फक्त ऑइल बहुधा कमी लागतं. ट्रान्सफर केस पण तशीच, पण तिची बॉडी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते, पान्याला पाइप लावून नट आवळला की आटे गेलेच म्हणून समजा, मॅन्युअलमधला टॉर्क बघून तेवढाच आवळा.

जुनं ऑइल गटारात नाही हं, तिथून नाल्यात, नाल्यातून मिठी नदीत जातं. कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममध्ये द्या, त्यांच्याकडे ते उचलणारा येतो.

बदलायचं किती किलोमीटरला ते कंपनीगणिक वेगळं, मॅन्युअलचा आकडा धरा आणि रोजचा ओव्हरलोड असेल तर त्याच्या आधीच करा. पण चाक अर्धं बुडेल एवढ्या पाण्यातून गेलात तर किलोमीटर मोजू नका, त्याच आठवड्यात फिलर नट काढून रंग बघा. काम झाल्यावर एक चक्कर मारून या आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी डाग दिसला तर नट पुसून पुन्हा आवळा, तरी गळतंय तर वॉशर जुनाच लावलाय.