हात-पाय-तोंडाचा आजार: पुरळापेक्षा पोटात पाणी जातंय का ते बघा

मी पाळणाघर चालवते. पावसाळा लागला की हा आजार येतोच, आणि दरवेळी आई-बाबा अंगावरच्या फोडांना घाबरतात. फोडांचं फारसं काही नसतं. कॉक्सॅकीसारख्या विषाणूंमुळे, बहुतेक 5 वर्षांखालच्या मुलांना होणारा हा आजार 7 ते 10 दिवसांत आपोआप बरा होतो. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, डॉक्टरांकडे हट्टाने मागू नका.

ओळखायचं असं: आधी ताप, लाळ, जेवायला नकार; मग तोंडात व्रण आणि तळहात, तळपाय, ढुंगणावर लाल पुरळ.

फोड फोडू नका, त्यांवर काही थापू नका.

खरी कसोटी पाणी पाजण्याची. तोंड झोंबतं म्हणून मूल घोटही घेत नाही, आणि अंगातलं पाणी कमी होणं हाच मोठा धोका. मोसंबीचा रस, लिंबू सरबत, गरम वरण नकोच. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या, अर्धा तास थांबा; त्या वेळात दुखणं कमी होतं. मग गार दूध, गार पेज, आईस्क्रीमसुद्धा चालेल. बाटली चोखताना दुखतं, म्हणून वाटी-चमचा घ्या. तोंड घट्ट मिटलं तर बिनसुईची सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला टेकवून थोडं थोडं सोडा, दर पाच मिनिटांनी. नाक दाबून, उताणं पाडून पाजू नका. ठसका लागतो आणि मूल वाटी बघूनच रडायला लागतं. अंगावर पीत असेल तर पाजत राहा.

बोरॅक्स-ग्लिसरीन तोंडात लावूच नका. ते पोटात जातं आणि लहान मुलांना विषारी ठरतं. अ‍ॅस्पिरिनही नको.

सहा-आठ तासांत शू झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, सारख्या उलट्या, झोपेत दचकणं किंवा मूल मलूल पडलं, तर लगेच दवाखाना गाठा. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर वाट बघूच नका.

घरातल्या बाकीच्यांना जपायचं तर साबण. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हे विषाणू फारशी दाद देत नाहीत. शी धुतल्यावर, डायपर बदलल्यावर आणि भरवण्याआधी 20 सेकंद चोळून हात धुवा, आणि हे मूल बरं झाल्यावरही कित्येक आठवडे चालू ठेवा, कारण विषाणू शीतून तेवढे दिवस बाहेर पडत राहतो. पेला, टॉवेल वेगळा. चघळलेली खेळणी साबणाने धुवा.

ताप उतरून लाळ थांबेपर्यंत आणि फोड सुकेपर्यंत मूल घरीच ठेवा. पुढे काही आठवड्यांनी नखं सुटली तर घाबरू नका, खालून नवीन येतात.