रविवारच्या ट्रेलची तयारी गुरुवारपासून

दूरच्या डोंगरात जायचं असलं की माणूस चार-चारदा सॅक उघडून बघतो. शहराला लागून असलेल्या टेकड्यांवरच्या कच्च्या वाटेवर, म्हणजे ट्रेलवर, माउंटन बाइक घेऊन जाताना मात्र तोच माणूस ‘इथंच तर जायचंय’ म्हणत एक बाटली आणि फोन घेऊन निघतो. मीही तसाच निघत असे. एकदा उतारावर गिअर बदलणारा मागचा डिरेलर दगडावर आपटला आणि तो ज्या तुकड्यावर अडकवलेला असतो तो हँगर वाकून डिरेलर स्पोकमध्ये घुसला. समोर इमारती दिसत होत्या, फोनला पूर्ण रेंज होती, तरी सायकल हातानं ढकलत नऊ किलोमीटर चालावं लागलं. ट्रेलवरून शहर दिसतं, पण शहरातून ट्रेलवर गाडी येत नाही. तेव्हापासून जवळच्या ट्रेलची तयारीही मी लांबच्याइतकीच करतो, आणि तिची सुरुवात गुरुवारी करतो. गुरुवारी काही बिघाड सापडला तर पार्ट मिळवायला शुक्रवार-शनिवार हाताशी असतो. शनिवारी रात्री सापडला तर रविवार गेलाच.

गुरुवारी आधी सायकल धुवा, कारण मळाखाली तडा दिसत नाही. धुताना हाताला जे लागतं ते डोळ्यांनी कधीच दिसलं नसतं: सैल झालेला स्पोक, टायरच्या कडेला गेलेली चीर, पेडलला आलेला खेळ. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर तिथलं बेअरिंग, म्हणजे हेडसेट, सैल आहे. चाक उचलून फिरवा आणि चाकावरची ब्रेकची डिस्क ब्रेकच्या पॅडला घासते का ते कान देऊन ऐका. हँडल धरणारा स्टेम आणि हँडल यांच्या बोल्टवर किती न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) ते बहुतेक वेळा छापलेलं असतं, अनेकदा ५ च्या आसपास. तेवढंच आवळा. ताकद लावून आवळलेला छोटा बोल्ट सैल बोल्टइतकाच धोक्याचा.

चेन मोजायला वेगळं हत्यार नसलं तरी चालतं, इंचांची फूटपट्टी पुरते. नव्या चेनीत एका पिनेवर शून्य ठेवलं तर तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक षोडशांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे सरकली असेल तर चेन अर्धा टक्का झिजली. अकरा-बारा गिअरच्या सायकलवर तिथंच चेन बदलावी. तशीच चालवत राहिलात तर ती मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्याही खाते, आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारते, तीही नेमकी चढावर उभं राहून पेडल मारताना.

ब्रेकबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. माउंटन बाइकिंगचा हा खेळ जन्मला तोच एका महानगराच्या शेजारी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून खाली सुटायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथं पहिली ‘रिपॅक’ शर्यत झाली. साधारण तीन किलोमीटरमध्ये ४०० मीटर उतार. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये असायचे. तळाशी पोहोचेपर्यंत ते इतके तापत की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. रिपॅक हे नाव त्यावरून पडलं. आज डिस्क ब्रेक आहेत, पण उतार तोच आहे आणि उष्णताही तीच. पॅडवरचा घासणारा थर एक मिलिमीटरवर आला असेल तर पॅड बदला, आणि बदलायचे ते गुरुवारीच. नवे पॅड बसवल्या-बसवल्या नीट पकडत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा सायकल हळू करा, मग थोड्या जास्त वेगातून आणखी दहा वेळा. एवढं केलं की ते डिस्कला लागतात. चेनला तेल देताना स्प्रे वापरू नका. त्यातला एक शिंतोडा डिस्कवर गेला तरी ब्रेक किंचाळायला लागतो आणि पकड जाते.

आता टायर. माझ्या मते पूर्ण तयारीत सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे हवा, आणि सगळ्यात जास्त चूकही तिथंच होते. शहराजवळच्या ट्रेलपर्यंत बहुतेकजण डांबरी रस्त्यानं सायकल चालवत जातात. डांबरावर कडक टायर हलका पळतो, म्हणून घरून टच्च हवा भरली जाते आणि तीच घेऊन लोक मुळांवर आणि सुट्या खडीवर उतरतात. कडक टायर दगडावरून उडतो, जमिनीला बिलगत नाही. साधारण सत्तर किलोच्या माणसाला, २.३ इंची ट्यूबलेस टायरमध्ये, पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ही सुरुवात म्हणून ठीक. आत ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त लागतात, नाहीतर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाऊन सापाच्या दंशासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. रस्त्यासाठी ३० ठेवा आणि ट्रेलच्या तोंडाशी उतरून हवा सोडा. त्यासाठी छोटा डिजिटल गेज सॅकमध्ये हवा. मोठ्या पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, आणि अंगठ्यानं दाबून बघण्यात तर पाच-पाच पीएसआयची चूक सहज होते.

ट्यूबलेसवाल्यांनी चाक काढून कानाशी धरून हलवावं. आत सीलंटचा, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाचा, खळखळ आवाज यायला हवा. आला नाही तर ते वाळलं आहे. दोन-तीन महिन्यांनी, गरम हवेत त्याहूनही लवकर, ते पुन्हा भरावं लागतं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या सस्पेन्शनमध्येही हवा असेल तर शॉक पंपानं एकदा तपासून घ्या. तिचा दाबही महिन्याभरात उतरतो.

शुक्रवारी सॅक भरा. मल्टिटूलला चेन तोडायची पिन आहे ना, ते उघडून बघा. तुटलेली चेन जोडायला तुमच्या गिअरच्या संख्येला जुळणाऱ्या दोन क्विक लिंक, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, ट्यूबलेससाठी भोक बुजवायचे प्लग आणि ट्यूबलेस असूनही एक ट्यूब. जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा कापून ठेवा. टायरची कड फाटली तर आतून तो लावून घर गाठता येतं. पंपाभोवती हातभर डक्ट टेप गुंडाळा, चार-पाच झिप टाय टाका.

आणि हँगर. अंगठ्याएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा, एक-दोन स्क्रूंनी फ्रेमला बसवलेला. तो मुद्दाम नरम केलेला असतो, म्हणजे आपटल्यावर आधी तो वाकतो आणि महागडी फ्रेम वाचते. पण त्याचे शेकडो आकार आहेत, मित्राचा तुम्हाला चालेलच असं नाही. २०१९ मध्ये सायकलचे पार्ट बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं सगळ्यांना चालेल असा एक आकार आणला, पण तुमची फ्रेम त्यासाठी बनलेली असेल तरच त्याचा उपयोग. आपल्या फ्रेमचा एक हँगर आजच मागवा आणि सीटखाली टेपनं चिकटवून ठेवा. तो नसेल तर शेवटचा उपाय म्हणून डिरेलर काढून चेन छोटी करून एकाच गिअरवर यावं लागतं. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर तेही नीट जमत नाही, कारण मागचं चाक वर-खाली होताना चेनची लांबी बदलत राहते.

हेल्मेटच्या आतला फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, यात दुमत नको. घातल्यावर कडा भुवयांच्या दोन बोटं वर यावी. हातमोजे आणि चष्मा विसरू नका, सुटे दगड असतील तर गुडघ्याचे पॅडही घ्या.

शनिवारी संध्याकाळी नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून घ्या. पाऊस झाला असेल तर जाणं पुढे ढकला. ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी वाळून कडक होते आणि पुढचे कित्येक आठवडे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला, चालणाऱ्यांनाही, ती अडखळवते. शहराजवळच्या वाटा इतके लोक वापरतात की एका ओल्या रविवारात वाट खराब होऊ शकते. घरच्यांना तीन गोष्टी लिहून द्या: कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. दुखापतीसाठी पट्टी, जंतुनाशक आणि एक लांब क्रेप बँडेज पुरेल. आपत्कालीन नंबर त्या भागात कुठला चालतो ते आधी बघून ठेवा.

रविवारी निघताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर या हिशोबानं पाणी भरा आणि परतीची वेळ घड्याळात लावा. झाडीत अंधार उघड्यावरच्यापेक्षा लवकर होतो, म्हणून सकाळी निघालात तरी छोटा दिवा ठेवा. तोच परतताना रस्त्यावरही कामाला येतो. हँडलला घंटी हवीच. जवळच्या ट्रेलवर म्हातारी माणसं, पोरं, कुत्री सगळे असतात आणि वळणापलीकडचं कुणाला दिसत नाही. चालणाऱ्यांना वाट द्यायची, चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्यानं वाट द्यायची.

ट्रेलच्या तोंडाशी हवा सोडा, सीट खाली घ्या, दोन्ही ब्रेक दाबून बघा, चाकांचे एक्सल हातानं तपासा. पहिली फेरी हळू मारा. आज किती पीएसआयला टायर चांगला धरला ते घरी आल्यावर कागदी टेपवर लिहून पंपाला चिकटवा.