रक्तदान करायचंय? आधी रक्तपेढीला फोन करा

सोलापुरात जयंती-वाढदिवसाला रक्तदानासाठी रांगा लागतात. पण एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात कॉलेजं बंद, लोक गावी. रक्त कमी पडतं ते तेव्हा. साठवलेल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५. म्हणून ऑफिसात किंवा कारखान्यात शिबिर ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारा: कधी हवंय, कुठला गट कमी आहे? सगळ्यांनी एकाच दिवशी देण्यापेक्षा आळीपाळीने दिलेलं खरंच उपयोगी पडतं. पुरुषांना ९० दिवसांनी, स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. ती तारीख लगेच मोबाइलमध्ये टाका. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्याला मात्र त्या सकाळी आग्रह नको. झोप काढून, नीट जेवून, भरपूर पाणी पिऊन येऊ दे.