जुनी स्की बोट पहिल्यांदाच घेतलीत? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बोट ट्रेलरवरून नेताना तिच्या तळाचं बूच काढून ठेवावं लागतं, तसा कायदाच आहे. एका तळ्यातले झेब्रा शिंपले पाण्यासोबत दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. कायदा अगदी योग्य आहे, पण मग दर खेपेला बोट पाण्यात सोडण्याआधी ते बूच कुणीतरी आठवणीनं परत लावायला हवं. 1989 सालची माझी स्की बोट पहिल्यांदा उतरवली तेव्हा मागे चार गाड्या रांगेत होत्या, मित्रांचा गलका चालू होता आणि बूच गाडीत राहिलं होतं. इंजिनाच्या खोक्याखाली पाणी चमकताना बायकोला दिसलं. बोट अजून पट्ट्यानं ट्रेलरला बांधलेलीच होती, म्हणून वर ओढता आली. त्या दिवसापासून आमचं बूच इंजिनाच्या किल्लीच्याच कडीत असतं. बूच लावल्याशिवाय किल्ली मोकळी होत नाही.

वॉटर स्कीइंगचा, म्हणजे बोटीमागे दोरी धरून फळ्यांवरून पाण्यावर घसरत जाण्याच्या खेळाचा, जन्म याच राज्यातला. 1922 साली लेक सिटी गावच्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं पाइनच्या फळ्या उकळून, त्यांची टोकं वाकवून लेक पेपिनवर हा खेळ सुरू केला. आज इथं वीस-तीस वर्षांच्या जुन्या स्की बोटी नव्यांच्या मानानं खूपच स्वस्तात मिळतात आणि आपली बरीच मराठी मंडळी पहिली बोट म्हणून तीच घेतात. घ्यावीच. मधोमध इंजिन, तळातून सरळ मागे जाणारा शाफ्ट, खाली बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) आणि त्यामागे सुकाणू, इतकी साधी रचना असते. फक्त गाडीची सवय घरी ठेवून यावं लागतं. गाडीतलं पाणी रेडिएटरमध्ये बंद असतं, या बोटीचं इंजिन मात्र तळ्याचंच पाणी पितं आणि मागच्या एक्झॉस्टमधून बाहेर टाकतं. पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं, हे एकदा पाठ झालं की निम्म्या दुखण्यांचं मूळ सापडतं.

कोरडं इंजिन चालू करणं

बोट घरी आणली की दारातच किल्ली फिरवून आवाज ऐकायचा मोह होतो. तो आवरा. पाणी खेचणाऱ्या पंपात रबराचं एक चक्र असतं, इम्पेलर. त्याला वंगण म्हणून पाणीच लागतं. कोरडं फिरलं तर एका मिनिटाच्या आत त्याची पाती जळायला लागतात. दारात चालवायचंच असेल तर तळाच्या तोंडाला नळाची नळी जोडा, पाणी आधी सोडा आणि मगच इंजिन चालू करा.

इम्पेलर दर वर्षी बदला, मग तो दिसायला कितीही चांगला असो. जुना काढला की त्याची पाती मोजा. एखादं कमी भरलं तर तो तुकडा कुठेतरी अडकलेला आहे, आणि तो शोधल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. पंपाच्या पुढच्या नळीत, थर्मोस्टॅटच्या घरात बघाच, पण मागेही बघा. इंजिन बंद झालं की पाणी उलटं उतरतं आणि तुकडा गिअरबॉक्सच्या कूलरच्या जाळीपाशी येऊन बसतो. माझ्या बोटीत तिथं नखाएवढे रबराचे दोन तुकडे आणि शेवाळ्याचा एक बोळा निघाला. आधीच्या मालकानं इम्पेलर नवा टाकला होता, तुकडे मात्र तिथंच राहिले होते.

तापमानाच्या काट्यावर सगळा भरवसा ठेवू नका. पाणी पार संपलं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा काही वेळ शहाण्यासारखा खालीच दिसतो. तेवढ्यात एक्झॉस्टच्या रबरी नळ्या भाजून निघतात. म्हणून इंजिन सुरू होताच मागे वळून बघा. एक्झॉस्टमधून धुरासोबत पाणी उसळत बाहेर पडायला हवं.

थेंब दिसला की नट आवळणं

शाफ्ट जिथून तळाबाहेर जातो तिथं पितळी नटाच्या आत मेण लावलेल्या दोरीचं पॅकिंग असतं. या जुन्या पद्धतीच्या सीलमधून शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी यायलाच हवं, कारण त्याच पाण्यानं तो थंड राहतो. नवा मालक थेंब बघून घाबरतो आणि नट करकचून आवळतो. मग पॅकिंग जळतं, शाफ्टवर चरे पडतात आणि काही महिन्यांत थेंबाची धार होते.

आवळायचं झालं तर दोन पाने घ्या, मागचा लॉकनट सैल करा, पुढचा नट षटकोनाच्या एका बाजूइतकाच फिरवा आणि लॉकनट परत घट्ट करा. दहा मिनिटं चालवून, इंजिन बंद करून नटाला हात लावा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर सैल करा. बोट उभी असतानाही धार लागत असेल तर पॅकिंग बदलायची वेळ आली आहे.

गाडीच्या दुकानातले सुटे भाग

इंजिन फोर्डचं किंवा शेवरलेचं, 350 घनइंचांच्या आसपासचं. त्यामुळे गाडीच्या दुकानातला स्टार्टर किंवा अल्टरनेटर तिथं सहज बसतो, आणि निम्म्या किमतीत मिळतो. ही बचत जिवावर बेतू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. बोटीचे विजेचे भाग असे बनवलेले असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचत नाही. गाडीच्या भागांना ते संरक्षण नसतं.

इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खोक्यातली हवा बाहेर फेकणारं यंत्र, चार मिनिटं चालवा, आणि त्यानंतरही खोकं उघडून नाकानं वास घ्या. पेट्रोल भरल्यानंतर तर हे टाळूच नका. ब्लोअर आवाज करतोय म्हणजे हवा खेचतोय असंही नाही. त्याची नळी फाटलेली किंवा निसटलेली असू शकते, म्हणून बाहेरच्या जाळीवर हात धरून झोत लागतो का ते बघा.

मागच्या लाकडी फळीवर पोरांना पाय सोडून बसायला आवडतं. इंजिन चालू असताना कुणालाही तिथं बसू देऊ नका. एक्झॉस्ट तिथंच सुटतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. उन्हानं डोकं दुखतंय असं वाटत राहतं आणि माणूस शुद्ध हरपून पाण्यात पडतो. स्की करणारा बोटीवर चढताना तर न्यूट्रलही पुरेसं नाही, इंजिन बंदच करा.

डॉकला (धक्क्याला) लागताना सुकाणूवर विसंबणं

या बोटीचं सुकाणू पंख्याच्या मागे असतं आणि पंख्यानं ढकललेलं पाणी त्यावर आदळतं तेव्हाच ते जोरात काम करतं. न्यूट्रलमध्ये ते ढिलं पडतं आणि रिव्हर्समध्ये जवळपास निरुपयोगी होतं. रिव्हर्स टाकला की स्टिअरिंगचं चाक कुठेही फिरवा, बोटीचा मागचा भाग एकाच बाजूला सरकतो. कुठल्या, ते पंखा कोणत्या दिशेनं फिरतो त्यावर ठरतं. उजवा पंखा (बोट पुढे जाताना, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरणारा) असेल तर डावीकडे, डावा (उलट फिरणारा) असेल तर उजवीकडे. स्की बोटींत डावे पंखे बरेच आढळतात.

पहिल्याच दिवशी मोकळ्या पाण्यात थांबा, चाक सरळ ठेवा, रिव्हर्स टाका आणि मागचा भाग कुठे जातो ते बघून ठेवा. डॉक त्याच बाजूला घ्यायचा. तिरकं, अगदी हळू या, न्यूट्रल करा. नाक डॉकजवळ आलं की चाक डॉकपासून उलटं फिरवून गिअर पुढे टाकून लगेच काढा, मागचा भाग आत येईल. मग थोडा रिव्हर्स, बोट थांबेलही आणि डॉकला चिकटेलही. क्रम लक्षात ठेवा: आधी चाक, मग गिअर. आणि हात-पाय घालून बोट अडवू नका. सव्वा टन वजन हाडाला जुमानत नाही.

गिअरची आणखी एक गोष्ट. लिव्हर अर्धवट टाकलेला राहिला की गिअरबॉक्समधले क्लच घासत राहतात आणि जळतात. केबल जुनी होऊन ताणली गेली की वरचा लिव्हर पूर्ण पुढे दिसतो, पण खाली गिअरबॉक्सवरचा दांडा खाचेत बसलेलाच नसतो. खोकं उघडून, इंजिन बंद असताना, कुणाला तरी लिव्हर टाकायला सांगा आणि दांडा खाचेत टक्कन बसतो का ते डोळ्यांनी बघा.

स्वतःच्याच लाटेवर चढणं

स्की करणारा पडला की नवखा चालक झटकन वळतो आणि वेगात माघारी फिरतो. या बोटी मुद्दाम बुटक्या बनवलेल्या असतात, लाट लहान राहावी म्हणून. स्वतःनं उठवलेली लाट समोरून आली तर नाकावरून बादल्यांनी पाणी आत येतं. वेग कमी करा, सरळ रेषेतच थोडं पुढे जाऊ द्या, लाट निघून गेली की सावकाश वळा. पडलेल्याला लाइफ जॅकेट आहे, तो अर्धा मिनिट थांबू शकतो.

दुखणं एकीकडे, औषध भलतीकडे

गेल्या उन्हाळ्यात माझी बोट वीस मिनिटं छान पळायची आणि मग ताशी तीस मैलांवर दम टाकायची. मी कार्ब्युरेटर उघडला, धुतला, जेट बदलले, दोन शनिवार घातले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष होता टाकीच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या व्हॉल्व्हमध्ये. नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहून जाऊ नये म्हणून तो असतो. तो अडकला होता. तेव्हापासून मी पेट्रोल जसं वाहतं त्याच क्रमानं तपासतो: टाकी, व्हॉल्व्ह, फिल्टर, पंप, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी एक पारदर्शक बारीक नळी असेल तर ती आधी बघा. तिच्यात पेट्रोल दिसलं म्हणजे पंपाचा पडदा फाटला, बोट त्या दिवशी चालवायची नाही.

वेगाचा काटा अचानक शून्यावर गेला तर मीटर बदलायला धावू नका. तळाशी किंवा सुकाणूपाशी पाण्याचा दाब घेणारं सुईएवढं छिद्र असतं, त्यात शेवाळ अडकतं. बारीक तारेनं साफ होतं. हवा मारायचीच असेल तर नळी मीटरपासून सोडवून मगच मारा, नाहीतर मीटर खरोखरच जाईल.

ऑक्टोबरची घाई

इथल्या थंडीत इंजिनात राहिलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि बिडाचा ब्लॉक तडकवतो. बोटीच्या किमतीएवढं नुकसान एका रात्रीत. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंची बुचं, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डची बुचं, पंपाच्या आणि कूलरच्या नळ्या, हीटर असेल तर त्याच्याही, सगळं उघडावं लागतं. लोक बूच काढतात, दोन थेंब पडतात, "रिकामं झालं" म्हणून पुढे जातात. पाणी संपलेलं नसतं, आतल्या गंजाच्या गाळानं भोक बुजलेलं असतं. मी पहिल्या वर्षी डाव्या बाजूच्या भोकात तार घातली, आधी थोडा लाल चिखल आला आणि मग भळाभळा जवळपास अर्धी बादली पाणी. प्रत्येक भोकात तार घाला, मग ते कोरडं दिसो वा ओलं.

काढलेली सगळी बुचं मोजून एका पिशवीत भरा आणि ती पिशवी स्टिअरिंगला बांधा. आमच्या बोटीची सात निघतात. पिशवीवर मी तो आकडा लिहून ठेवतो, म्हणजे मे महिन्यात परत लावताना एखादं राहिलं तर लगेच कळतं.