कॉलेजच्या वेटिंगमधे नाव असताना काय काय करायचं

रिझल्टच्या पानावर 'वेटिंग ३१' असं दिसलं ना की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते झालंच समज आणि दुसरी म्हणते गेलं. आमच्याकडे सासूबाई देवापाशी साखर ठेवायला उठल्या आणि मुलगी खोलीचं दार लावून बसली. खरं म्हणजे अजून काहीच ठरलेलं नव्हतं. मुलीचं हे दोन वर्षांपूर्वी झालं, एका सेंट्रल इन्स्टिट्यूटच्या कोर्सला, आणि त्या सहा-सात आठवड्यांत जे कळलं ते लिहून ठेवतेय. इंदूरच्या लोकांना जरा जास्त कामाचं आहे पण बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

पहिलं काम, आलेला मेल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काही ठिकाणी वेटिंगमधे राहायचंय का असं विचारतात आणि लॉगिन करून 'हो' म्हणावं लागतं, मुदतीत नाही केलं तर नाव निघून जातं आणि कोणी फोन करून आठवण देत नाही. दुसरं म्हणजे फॉर्मवर मेल आयडी आणि मोबाईल कोणाचा दिलाय ते आजच बघा. आपल्याकडे अर्धे फॉर्म एमपी ऑनलाइनच्या (मध्य प्रदेश सरकारच्या ऑनलाइन सेवेच्या) कियोस्कवर भरले जातात, गर्दीत तो मुलगा घाईघाईत स्वतःच नवीन मेल आयडी बनवून देतो आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर. आमची ती चिठ्ठी हरवली होती. ओटीपी कोणत्या नंबरवर जातोय, पासवर्ड चालतोय का, मेल स्पॅममधे तर पडत नाहीये ना, हे सगळं तेव्हाच तपासा जेव्हा घाई नाही, कारण कॉल आला की हातात कधी कधी दोनच दिवस असतात.

आता तो नंबर. नुसता ३१ बघून काही कळत नाही. बहुतेक ठिकाणी वेटिंग कॅटेगरीप्रमाणे वेगळी असते, म्हणजे जनरलची वेगळी, ओबीसीची वेगळी, ईडब्ल्यूएसची (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांची) वेगळी, त्यामुळे मैत्रिणीचा १२ आणि आपला ३१ यांची तुलना करूच नका. तुमच्याच कोर्सची, तुमच्याच कॅटेगरीची लिस्ट मागच्या दोन-तीन वर्षांत कुठपर्यंत उतरली ते शोधा, काही संस्था वेबसाइटवर देतात, नाहीतर तिथे शिकणारा एखादा सीनियर सांगतो. समजा ६० जागा आहेत आणि दोन वर्षं लिस्ट ४०च्या पुढे गेली होती तर ३१ला आशा ठेवायला जागा आहे. दर वर्षी १५वरच थांबत असेल तर तेही मुलांना स्पष्ट सांगा, लपवू नका.

लिस्ट हलते कशी हे मला फार उशिरा समजलं, आणि समजल्यावर अर्धी धाकधूक कमी झाली. एकाच मुलाच्या हातात तीन-तीन जागा असतात. तो इथे फी भरून बसलेला असतो आणि तिकडे जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित अ‍ॅडमिशनच्या) राउंडमधे एनआयटीची वाट बघत असतो, किंवा सीयूईटीवरून (सेंट्रल युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेवरून) दिल्ली युनिव्हर्सिटीच्या लिस्टची. त्याला तिकडे मिळालं की इथली जागा सुटते आणि तुमचा नंबर वर सरकतो. म्हणजे तुमची लिस्ट तुमच्या कॉलेजमुळे कमी आणि दुसऱ्या कॉलेजांच्या तारखांमुळे जास्त हलते. म्हणून एक कॅलेंडर घ्या आणि त्यावर त्या बाकीच्या ठिकाणच्या फी भरायच्या शेवटच्या तारखा लिहा, जोसाचे राउंड, त्यानंतर उरलेल्या जागांसाठीचे सीसॅबचे स्पेशल राउंड, आपल्या डीटीईचे (मध्य प्रदेशच्या तंत्रशिक्षण खात्याचे) राउंड, सीएलसी म्हणजे कॉलेजातच होणारी शेवटची फेरी. त्या तारखांच्या आसपास एक-दोन दिवस लक्ष ठेवायचं, मधले दिवस शांत जातात आणि ते शांत जाण्यात घाबरण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांचं पण असंच आहे, तिथे बहुतेक ठिकाणी १ मे ही डिपॉझिट भरायची शेवटची तारीख असते आणि वेटलिस्टची खरी हालचाल त्यानंतर सुरू होते.

पण या सगळ्याच्या आधी, आणि हे मी हात जोडून सांगते, हातात एक सीट घ्या. वेटिंगच्या भरवशावर बाकी सगळं सोडून देणारी घरं मी बघितली आहेत, ऑगस्टमधे त्यांच्याकडे ना हे ना ते. आम्ही डीएव्हीव्हीची (इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाची) सीट फी भरून घेऊन ठेवली तेव्हा नातेवाईक म्हणाले पैसे बुडतील. नाही बुडत, त्याला नियम आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर २०१८च्या नियमाप्रमाणे अ‍ॅडमिशनच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सीट सोडली तर १०० टक्के फी परत, फक्त प्रोसेसिंगचे पैसे कापता येतात आणि तेही ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५००० रुपये. त्या १५ दिवसांच्या आत सोडली तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५०, आणि त्यानंतर काही नाही. २०२४-२५ साठी तर यूजीसीने आणखी सोपं केलं होतं, ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० कापून. तुमच्या वर्षाचं परिपत्रक काढा, प्रिंट करून फाइलमधे ठेवा, काउंटरवर बोलताना हातात कागद असला की आवाज चढवायची गरज पडत नाही.

ओरिजिनल सर्टिफिकेट कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, बघून परत द्यायची असतात, हेही त्याच नियमात आहे. टीसी आणि मायग्रेशन मात्र जमा करून घेतात म्हणून द्यायच्या आधी त्यांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि स्कॅन करा आणि दिल्याची पावती घ्या. मार्कशीट डिजिलॉकरमधे येते, ती आधीच उतरवून ठेवा.

जोसामधे वेटिंग नसतं, तिथे फ्रीझ, फ्लोट, स्लाइड असतं. फ्रीझ म्हणजे मिळालेली सीट पक्की, फ्लोट म्हणजे मिळालेली सीट धरून ठेवायची आणि वरच्या पसंतीचं दुसरीकडे मिळालं तरी चालेल, स्लाइड म्हणजे त्याच कॉलेजात वरची ब्रँच. लोक एक गोष्ट विसरतात, वरचं मिळालं की जुनी सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून पसंतीच्या यादीत असं एकही नाव वर ठेवू नका जिथे खरं तर जायचं नाहीये.

कागदांमधे सगळ्यात त्रास ओबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या दाखल्याचा. जोसासारख्या सेंट्रल अ‍ॅडमिशनला ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं, आणि सेंट्रलच्या नमुन्यातलं, राज्याचं चालत नाही. लोकसेवा केंद्रात अर्ज करून मिळायला दिवस जातात, कॉल आल्यावर धावाल तर मुदत निघून जाईल. मूळ निवासी दाखला, समग्र आयडी (मध्य प्रदेशचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), फोटो, हे एकाच फाइलमधे.

पैशाचं पण तसंच. फी लाखात असेल तर यूपीआयची रोजची साधी मर्यादा १ लाखाची आहे, शिक्षणसंस्थांना ५ लाखांपर्यंत करता येतं पण बँकेची स्वतःची मर्यादा कमी असू शकते म्हणून आधी विचारून घ्या. नेट बँकिंगमधे नवीन खातं जोडल्यावर काही तास मोठी रक्कम जात नाही. एफडी मोडायची असेल तर ती कोणाच्या नावावर आहे आणि सही कोणाची लागते तेही बघा, आमची सासऱ्यांच्या नावावर होती आणि ते तेव्हा पुण्याला.

कॉलेजला फोन करावा का असं सगळे विचारतात. रँकवर लिस्ट चालते तिथे फोन करून काही होत नाही, एकदा मेल करून पुढची लिस्ट कधी लागणार एवढं विचारलंत तर पुरे. जिथे अर्ज, निबंध, मुलाखत बघून घेतात, काही प्रायव्हेट युनिव्हर्सिटी किंवा बाहेरदेशी, तिथे मात्र एक छोटं पत्र जरूर लिहावं, की अजून यायची इच्छा आहे आणि अर्जानंतर हे हे नवीन झालं, बारावीचा निकाल, एखादं बक्षीस. एकच पत्र, आणि मुलानी स्वतः लिहिलेलं, आईबापांनी नाही. आणि याच दिवसांत 'सीट काढून देतो' म्हणणारे फोन येतात, आम्हाला तीन आले. एक रुपया देऊ नका, ओटीपी तर नाहीच.

घरातलं सांगते. मुलगी दर दहा मिनिटांनी साइट रिफ्रेश करायची, रात्री दोनला पण. आम्ही ठरवलं की सकाळी पोह्यांनंतर एकदा आणि संध्याकाळी सहाला एकदा बघायचं, मी बघणार, ती नाही. नातेवाईकांना उत्तर द्यायचं काम तिच्या बाबांकडे, लग्नात कोणी विचारलं तरी ती फक्त हसून पुढे जाणार. हे फार छोटं वाटतं पण तिची झोप परत आली ती यानंतर. मूल जेवत नसेल, बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही म्हणत असेल तर अ‍ॅडमिशन बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा, टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, २४ तास चालते.

आणि एक तारीख आधीच ठरवा. आम्ही कागदावर लिहिलं होतं की १० ऑगस्टपर्यंत कॉल आला तर जायचं, नंतर आला तर इथेच, कारण इथले वर्ग तोपर्यंत चांगले पुढे गेलेले असतील आणि तिथला होस्टेलचा खर्च वेगळा. डोकं शांत असताना ठरवलेलं असलं की नंतर रात्रभर वाद होत नाही. हातातल्या कॉलेजला पहिल्या दिवसापासून जायचं, वह्या घ्यायच्या, ओळखी करायच्या, 'मी इथे तात्पुरती आहे' असं कोणाला सांगायचं नाही. तिची लिस्ट २७वर थांबली. चार नंबरांनी. त्या दिवशी ती रडली, आम्ही पण, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खंडवा रोडला डीएव्हीव्हीच्या तक्षशिला परिसरात तिचं लेक्चर होतं आणि ती गेली, कारण तिथे जायची तिला आता सवय झाली होती आणि दोन मैत्रिणी गेटवर थांबल्या होत्या.

तुमचा कॉल आला तर नवीन ठिकाणची फी भरून पावती हातात आली की मगच जुनी सीट सोडा, आणि त्याच दिवशी सोडा, लेखी अर्ज देऊन, तारखेचा शिक्का मारलेली कॉपी घेऊन, कारण परताव्याचे टक्के त्या तारखेवर मोजतात आणि त्या सीटसाठी पण खाली कोणाचं तरी वेटिंग चालू असतं. अर्जात बँकेचं खातं विद्यार्थ्याच्या किंवा ज्यांच्या खात्यातून फी गेली त्यांच्याच नावाचं द्या, आयएफएससी कोडसकट, कॅन्सल केलेला चेक जोडा. नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे यायला हवेत, सोळाव्या दिवशी मेल टाका.